मंदी आधी येते का मंदीची बातमी?

विश्रामबागवाला
माझं टीव्ही-फ्रीजचं दुकान आहे सांगलीत. परवा मिरजेचं जोडपं आलेलं, डबल डोअर फ्रीज पसंत झाला, हप्ते ठरले, फायनान्सचा पोरगा आधार कार्डाचा फोटो काढतोय तेवढ्यात मागच्या ५५ इंचीवर लाल पट्टी, मंदीचं सावट, नोकऱ्या धोक्यात, आणि ते धाडधाड म्युझिक. नवऱ्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला दिवाळीनंतर बघू. त्याची नोकरी शाबूत, पगार वेळेवर, तरी गेला. अशी गिऱ्हाइकं परत गेली की मी माल कमी उचलणार, कंपनी माणसं कमी करणार, मग चॅनलवाले म्हणणार बघा आम्ही सांगितलेलं. माझं स्पष्ट मत, अर्धी मंदी स्टुडिओत तयार होते. ब्रिटनमध्ये १३ सप्टेंबर २००७ ला रात्री बीबीसीनं सांगितलं की नॉर्दर्न रॉक बँकेनं बँक ऑफ इंग्लंडकडं, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेकडं, मदत मागितली, दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर ही रांग.

कुपवाड_लेथ
शेठ, अर्धीच गोष्ट सांगितली. ती बँक ठेवींपेक्षा बाजारातनं उचललेल्या पैशावर जास्त चालायची आणि तो बाजार ऑगस्टातच आटलेला. बातमीनं भोक पाडलं नाही, दाखवलं. आणि रांगा हटल्या कधी, तर १७ तारखेला सरकारनं ठेवींची हमी दिली तेव्हा.
आमचंच बघा, २०१९ ला गाड्यांचा खप पडला तेव्हा आमच्या वर्कशॉपमधली तिसरी शिफ्ट मे महिन्यातच बंद झालेली, ओव्हरटाइम तर त्याच्याही आधी गेला. टीव्हीवर गाड्यांची मंदी गाजायला ऑगस्ट उजाडला. मला कुठल्या अँकरनं घाबरवलं सांगा की. माझ्या पगाराच्या पाकिटानं घाबरवलं. अमेरिकेत तर डिसेंबर २००७ ला सुरू झालेली मंदी तिथल्या अधिकृत समितीनं जाहीर केली १ डिसेंबर २००८ ला, तोवर लेहमन ही तिथली बडी बँक बुडून अडीच महिने झालेले. लोकांनी काय तेवढा वेळ हसत बसायचं होतं?

विश्रामबागवाला
तुमची शिफ्ट गेली मान्य, वाईट वाटतं. पण ज्याची गेली नाही तो पण खिसा दाबून बसतोय त्याचं काय? मी त्याच्याबद्दल बोलतोय.

गणपती_पेठ
भीती घालणाऱ्यांवर सगळे बोलताय, गप्प बसणाऱ्यांवर कोणच नाही. आईची पेन्शनची रक्कम इथल्या एका पतसंस्थेत अडकली. वर्षभर भाजी मंडईत कुजबुज होती, एजंट फोन उचलत नव्हता, आणि पेपरात काय, तर वर्धापनदिनाची पानभर रंगीत जाहिरात!! ती बघूनच आईनं ठेव रिन्यू केली. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तोही नाही, ही एक ओळ कुणी आधी ठळक छापली असती तर आईनं वेगळा विचार केला असता. तेव्हा शेठ, मला घाबरवणारी बातमी चालेल, पण वेळेवर द्या.

कुपवाड_लेथ
ताई, शंभर टक्के.

आकडेबाज
रिझर्व्ह बँक घरोघरी विचारून ग्राहकांच्या विश्वासाचा इंडेक्स काढते, १०० च्या खाली म्हणजे निराश लोक जास्त. मे २०२१ ला तो ४८.५ वर आलेला. तेव्हा कोरोनाची दुसरी लाट होती, ऑक्सिजन नव्हता, त्याला अँकर लागत नाही. पण एक गंमत आहे, लोकांना पुढच्या वर्षाबद्दल विचारलं की सहसा आजच्यापेक्षा बरं सांगतात. एवढ्या पट्ट्या बघून सुद्धा.

विश्रामबागवाला
कुठल्या गावात विचारतात? सांगलीत कधी कोण आलं नाही.

आकडेबाज
तेव्हा १३ मोठी शहरं होती, आपण नव्हतो त्यात.

विश्रामबागवाला
वाटलंच. ताईंचं पटलं, जाहिरातीचं पण आणि वेळेवरचं पण. पण मंडई जे वर्षभर बोलत होती ते छापणं वेगळं आणि दिवसभर तीच पट्टी फिरवणं वेगळं, त्यावर मी ठाम.

कुपवाड_लेथ
शेठ, रिमोट तुमच्याच हातात होता ना? दुकानात न्यूज चॅनल लावायला कुणी सांगितलेलं?

विश्रामबागवाला
कालपासनं क्रिकेट लावलंय. आता अर्धी गल्ली आत उभी असते, एसीची हवा खाते, ओव्हर संपली की चहा विचारते आणि फ्रीजकडं कोण बघत पण नाही.