अनुभव धागा: घोड्याचं मांस ताटात आलं तेव्हा

२०१७ साली आमचं मक्याचं जहाज जपानमधल्या यात्सुशिरो बंदराला लागलं. हा मुलूख कुमामोतोचा. एजंटच्या माणसाने रात्री आम्हा तिघांना जेवायला नेलं. मधोमध ताटली आली. लालभडक पातळ कापं, कडेला पांढऱ्या चरबीची दोन-चार, बाजूला किसलेलं आलं आणि लसूण. मला वाटलं, ट्यूना असेल. तिथल्या गोडसर सोया सॉसमध्ये बुडवून एक काप तोंडात टाकलं. आधी गारवा, मग आल्याची झणझण, मग मऊ, किंचित गोड काहीतरी. वास अजिबात नाही. आम्ही देवगडची माणसं, जन्मभर मासे चावलेत. हा मासा नव्हे, एवढं दाताला कळलं. मी बघतोय हे पाहून त्या माणसाने दोन्ही हातांत लगाम धरल्याची खूण केली. बासाशी. कच्चं घोड्याचं मांस. रंगावरून तिकडे त्याला ‘साकुरा-निकु’ही म्हणतात, म्हणजे चेरीच्या फुलाचं मांस.

मी थुंकलो नाही, यजमानाने मानाने वाढलं होतं. पण दुसरं कापही उचललं नाही. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे, घोड्यावर बसलेला. लहानपणी गणपतीआधी तो चिंचेने मीच घासायचो. घासून घासून घोड्याचे पाय गुळगुळीत झालेत. त्या रात्री केबिनमध्ये मला ते पायच दिसत होते. घरी आजवर बोललो नाही.

किनारपट्टीवरची आपली कितीतरी माणसं जहाजावर, आखातात, शिकायला बाहेर आहेत. ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी लिहा. खाल्लंत की नाही, मनात काय राहिलं, घरी काय झालं. कुणाच्या खाण्याला नावं मात्र ठेवू नका.

चिपळूण, सध्या कझाकस्तानात अल्माटीला एमबीबीएस

मी खाल्लं, आणि पुन्हाही खाल्लं. इथे हिवाळ्याच्या तोंडावर घोडा कापून थंडीभराची बेगमी करतात, तिला सोगुम म्हणतात. वर्गमैत्रिणीच्या आजीकडे बेशबर्माक होतं. उकडलेल्या पिठाच्या चौकोनी पात्या, त्यावर मांस, आणि सगळ्यात वर काझीच्या चकत्या. काझी म्हणजे घोड्याच्या बरगडीचं मांस चरबीसकट आतड्यात भरून केलेलं. बाहेर उणे वीस. आजीने सगळ्यात जाड चकती उचलून माझ्या हातावर ठेवली. चरबी पिवळसर होती आणि तळहाताच्या उबेने लगेच चकाकायला लागली. नाही म्हणायला मला जीभच उचलेना.

जेवणानंतर तिने भिंतीवरचा फोटो दाखवला. तिचे वडील आणि त्यांचा घोडा. घोड्याच्या चेहऱ्यावरून ती बोट फिरवत होती, आपण गेलेल्या माणसाच्या फोटोवरून फिरवतो तसं. ज्याच्यावर जीव लावला तोच खायचा, हे मला पूर्ण कळलेलं नाही. पण ती माणसं निर्दय नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. या देशाच्या उत्तरेला बोताई इथे सुमारे ५५०० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत घोडीच्या दुधाचे अंश सापडलेत. इतकं जुनं नातं आहे ते.

दाभोळ

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई मजहबात, म्हणजे धर्मनियमांच्या आमच्या परंपरेत, घोडा हलाल आहे; हनफी ज्यांना मानतात त्या इमाम अबू हनीफा यांनी तो मकरूह, म्हणजे टाळावा असा मानला. म्हणजे नियमाने पाहिलं तर आम्ही खायला हरकत नाही. पण दाभोळात कुणाच्या घरी घोडा शिजल्याचं मी ऐकलेलं नाही. दोह्यात माझ्या खोलीत एक उझबेक होता, तो हनफी. सुट्टीवरून येताना तो काझी घेऊन यायचा आणि प्रेमाने पुढे करायचा. ज्याला मकरूह तो खातोय आणि ज्याला हलाल तो हात मागे घेतोय! दादीला फोन केला. ती म्हणाली, “हलाल असणं वेगळं, आपल्या चुलीला चालणं वेगळं.” हनफी पाहुणे आले की तीच दादी त्यांना न चालणाऱ्या माकुल आणि तिसऱ्या बाजूला ठेवून फक्त सुरमई वाढते, म्हणून तिचा शब्द मी मानला. उझबेक मित्र रागावला नाही.

धागाकर्ता

वरचं वाचून काल आईला फोन केला. “माका इतकी वर्सां कित्याक सांगलंस नाय?” एवढंच म्हणाली. खाण्यापेक्षा लपवण्याचं तिला जास्त लागलं.

सावंतवाडी, इंग्लंडमध्ये नर्स

२०१३ च्या जानेवारीत आयर्लंडमध्ये गोमांसाच्या म्हणून विकलेल्या बर्गरमध्ये घोडा सापडला, मग तयार लझान्यातही. माझी इंग्रज सहकारी ड्यूटीवर रडली. लहानपणी तिचा पोनी होता. घोड्यांना वेदनेसाठी देतात ते ‘ब्यूट’ हे औषध माणसाच्या पोटात जायला नको, म्हणून काळजी होती ती वेगळी. तिला रडू आलं ते फसवून खायला घातलं म्हणून. आपल्याकडे उपवासाच्या दिवशी कुणी न सांगता मांसाचा रस्सा वाढावा, तसंच ते. सांगून वाढलं तर माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो.

अलिबाग

आमचा टांगा होता. ओहोटी लागली की भाऊ, म्हणजे माझे वडील, पर्यटकांना कुलाबा किल्ल्यावर न्यायचे. पाणी घोडीच्या गुडघ्याला लागलं की भाऊ काही बोलायचे नाहीत, चांदणी आपणच थांबायची. तिला वाळू कुठे भुसभुशीत आहे ते माहीत होतं. एका श्रावणात तिला पोटशूळ उठला. रात्रभर भाऊ तिला चालवत होते, बसू देत नव्हते. मी कंदील धरून मागे. पहाटे ती बसली ती उठलीच नाही. कातड्यासाठी एक जण आला होता, त्याला भाऊंनी दारातूनच परत पाठवलं. खड्डा खणायला पाच माणसं लागली. दोन पोती मीठ घातलं. आयाळीतले गुंतलेले केस आईने बोटांनी सोडवले, मग माती टाकली.

पुढे मी क्रूझवर लागलो. व्हेनिसजवळ पादुआला मित्रांबरोबर गेलो, तिथे मांसाच्या वाळवलेल्या बारीक दोऱ्या पोळेंतावर, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठावर, घालून दिल्या. शेजारच्याने पाटीवरचा शब्द वाचला, काव्हाल्लो. म्हणजे घोडा. मी पैसे ठेवले आणि बाहेर येऊन उभा राहिलो. खाणाऱ्यांवर राग आला नाही. नाकात फक्त तो ओल्या मिठाचा वास आला.

सुट्टीत भाऊंना हे सांगितलं. ते बराच वेळ समुद्राकडे बघत बसले. मग विचारलं, “मग तिकडे मेलेला घोडा पुरतात कुठे?”