आकाशवाणीत राहून स्थानिक कलांवरच काम करता येते का?

कुडाळची_वाचक
मराठीत एम.ए. केल्यानंतर मी सध्या एका स्थानिक दैनिकासाठी जत्रा, दशावतार आणि भजनस्पर्धांच्या बातम्या लिहिते. छापील बातमीत मंडळाचे नाव आणि प्रमुख पाहुण्यांची यादी एवढेच उरते, ऐकलेले काहीच उरत नाही. म्हणून आकाशवाणीचा विचार मनात आहे. स्थानिक कला हाच विषय धरून तिथे आयुष्यभर काम करता येते का, आणि त्यासाठी वृत्त विभागात जावे की कार्यक्रम विभागात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_निर्माता
वृत्त विभागाचे काम बातमीपत्राचे असते. जिल्ह्याच्या अंशकालीन वार्ताहराने पाठवलेल्या नाट्यमहोत्सवाला तिथे दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. तुम्हाला हवे असलेले काम कार्यक्रम विभागात होते आणि ते करणारा माणूस स्वतःला सहसा पत्रकार म्हणवत नाही, जरी गावोगाव फिरणे, मुलाखती घेणे आणि ऐकीव माहितीची शहानिशा करणे हे सारे तो पत्रकारासारखेच करतो. अशा चर्चेत पुणे केंद्राच्या १९५५ सालच्या गीतरामायणाचा दाखला हमखास निघतो. तो गैर नाही, कारण सीताकांत लाड यांच्यासारख्या अधिकाऱ्यामुळे केंद्राने तेव्हा कलेची नुसती दखल न घेता ती घडवली. परंतु रोजच्या कामाचा अंदाज घ्यायचा असेल, तर त्याच केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत अनेक वर्षे नोकरी केलेल्या व्यंकटेश माडगूळकरांकडे पाहावे.

तुमच्या दशावताराचेच घ्या. पालखी झाल्यावर रात्री उशिरा आडदशावतार, म्हणजे खेळाचा पूर्वरंग, सुरू होतो, गणपती, रिद्धी-सिद्धी आणि संकासुर येऊन जातात, आणि मग आख्यान पहाटेपर्यंत चालते. संवाद आयत्या वेळी रचले जात असल्याने आधी संहिता मागण्यात अर्थ नसतो. माइक वादकांकडे ठेवला, तर झांज आणि पखवाज नटाचा शब्द गिळून टाकतात. नटाकडे ठेवला, तर तो बोलता बोलता रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. त्यामुळे एक माइक मंडपाच्या आडव्या वाशाला टांगायचा, दुसरा पायपेटीजवळ (पायाने भाता चालवायच्या हार्मोनियमजवळ) ठेवायचा, आणि रात्रभर दोहोंचा मेळ सांभाळत बसायचे. त्यातून अर्ध्या तासाचे रूपक, म्हणजे ध्वनिमुद्रण आणि निवेदन गुंफलेला कार्यक्रम, काढताना काय गाळायचे हे ठरवायला, त्याच मंडळाचे खेळ आधी कधीतरी नुसतेच बसून पाहिलेले असावे लागतात. स्पूलच्या, म्हणजे रिळावरच्या फितीच्या, काळात टेप महाग असल्यामुळे प्रसारणानंतर अनेकदा ती पुसून पुन्हा वापरली जाई. असे करून आपण किती आवाज घालवले याचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि काटकसर हे त्याचे कारण मला तेव्हाही पटत नव्हते.

नैमित्तिक_उद्घोषक
सरांनी कामाची गोडी सांगितली. मी पोटापाण्याचे सांगतो. कार्यक्रम अधिकाऱ्यांची कायमस्वरूपी भरती गेल्या कित्येक वर्षांत क्वचितच झाली आहे. आमच्यापैकी बहुतेक जण लेखी परीक्षा आणि आवाज चाचणी देऊन पॅनेलवर, म्हणजे गरजेनुसार बोलवायच्या लोकांच्या यादीत, आलेले असून, महिन्याला साधारण सहा ड्युट्या मिळतात. त्यावर घर चालत नाही, म्हणून कोणी शिकवतो, कोणी भाषांतरे करतो, कोणी निवेदने. संस्थेचेही सारे आलबेल नाही: जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा आदेश निघाला होता आणि लोकांनी आवाज उठवल्यावरच तो स्थगित झाला. तुम्ही दैनिकातले काम सोडू नये. आवाज चाचणी मात्र अवश्य द्यावी.

माणदेशी_श्रोता
आकाशवाणीखेरीजही वाट आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, तरी २०११ च्या धोरणानुसार सांस्कृतिक कार्यक्रम आणि सण-उत्सवांचे वार्तांकन 'बातमी' या सदरात धरले जात नाही. एवढी मोकळीक असूनही ही केंद्रे सिनेसंगीतापलीकडे फारशी जात नाहीत, हा त्यांच्या इच्छेचा प्रश्न आहे. सामुदायिक रेडिओ लहान असतो, पण आमच्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीवर गावातली माणसे स्वतः बोलतात नि गातात, आणि असे काम शिकायला ती जागा मला अधिक योग्य वाटते.

कुडाळची_वाचक
सर्वांची आभारी आहे. मंडळाचे मानधन कसे ठरते, हेही कळले तर बरे होईल.

निवृत्त_निर्माता
आकाशवाणीत ते कलावंताच्या श्रेणीनुसार ठरते, आणि श्रेणी स्वरचाचणीनंतर मिळते. रक्कम बँक खात्यात जमा होते, म्हणून करारपत्रावरचे नाव पासबुकातल्या नावाशी जुळायला हवे. अडचण इथेच येते, कारण पंचक्रोशी ज्याला एका नावाने ओळखते त्या नटाचे कागदावरचे नाव वेगळेच असते. तेव्हा दोन्ही नावे आधीच विचारून ठेवा आणि निवेदनात लोकांच्या तोंडी असलेलेच घ्या. मंडळाच्या मालकाशी बोलणी मात्र जत्रांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी करा; एकदा हंगाम लागला की त्यांना दिवसा झोपेखेरीज कशालाही वेळ नसतो.