सत्काराच्या बॅनरवर कमी उंचीच्या मुलीसाठी कुठला शब्द लिहायचा?

लालबागचा_चाळकरी
आमच्या चाळीतली एक मुलगी पॅरा बॅडमिंटन खेळते, यंदा राज्य पातळीवर मेडल आणलं. मंडळाने गणपतीत सत्कार ठरवलाय आणि बॅनरचा मजकूर माझ्याकडे आलाय. तिची उंची जेमतेम चार फूट, जन्मापासूनच. कमिटीतल्या एकाने लिहून दिलं "बुटकेपणावर मात करून", मला वाचूनच कसंतरी झालं. दुसरे म्हणतात दिव्यांग टाका, सरकारी शब्द आहे, कोण बोलणार. एका काकांनी तर "वामनमूर्ती" सुचवलं, त्यांना तो मान वाटतो. गल्लीत तिला टिंगू, दीडफुटी असं काय काय ऐकावं लागलंय ते मी बघितलंय, म्हणून चुकीचं छापायचं नाहीये. इंग्रजीत हल्ली काय म्हणतात? मराठीत काय चालेल? उद्या रात्री प्रिंटिंगला द्यायचंय.

सबटायटलवाली
इंग्रजीत शब्द बरेच बदललेत. अमेरिकेत १९५७ साली बिली बार्टी या नटाने अशा लोकांची संघटना काढली तेव्हा तिच्या नावातच मिजेट होतं. तो सर्कस-जत्रेतला, माणसं बघायला तिकीट लावायचे त्या काळचा शब्द. पुढे त्यांनीच तो टाकून लिटल पीपल घेतलं आणि २०१५ मध्ये हा शब्द वापरूच नका असं जाहीर सांगितलं. ड्वार्फ मात्र अजून बरेच जण स्वतःबद्दल वापरतात. खेळात शॉर्ट स्टेचर म्हणतात, त्यामुळे मराठीत "कमी उंचीचे खेळाडू" सरळ बसतं. तिचा गट बहुतेक एसएच-६ असेल, म्हणजे पॅरा बॅडमिंटनमधला कमी उंचीच्या खेळाडूंचा गट. त्याच गटात टोकियो पॅरालिम्पिकला कृष्णा नागरने गोल्ड घेतलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये नित्या श्री सिवनने ब्राँझ.

अंबरनाथ_फास्ट
माझी स्वतःची उंची चार फूट एक इंच. "मात करून" आधी काढा प्लीज. कशावर मात? उंची आहे तेवढीच आहे, तिने समोरच्या खेळाडूला हरवलंय ते लिहा ना. वामनमूर्ती पण नको, काकांचा हेतू चांगला असेल पण शाळेत मला याच नावाने चिडवायचे. जवळचे मित्र मला बुटक्या म्हणतात ते चालतं, बॅनरवर नाही चालणार.
पण एक सांगतो, कागदोपत्री लाजू नका. १९९५ च्या कायद्यात आमची वेगळी नोंदच नव्हती, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले त्यात ड्वार्फिझम आलं, मोठ्या माणसाची उंची ४ फूट १० इंच म्हणजे १४७ सेंटीमीटर किंवा कमी असेल तर. सर्टिफिकेट, सरकारी नोकरीतलं आरक्षण सगळं त्या शब्दावर चालतं. दिव्यांग डब्यात चढलो की अजूनही कोणीतरी विचारतं, तुम्ही तर धडधाकट चालताय मग इथे कसे, तेव्हा कार्डच दाखवावं लागतं.

ठाण्याची_आई
मुलगा सात वर्षांचा, एकॉन्ड्रोप्लेजिया आहे, म्हणजे हाडांच्या वाढीतल्या फरकामुळे जन्मापासून उंची कमी. माझी विनंती, "वाढ खुंटलेली" किंवा "खुजी" पण लिहू नका. खुजी बालकं हा शब्द अंगणवाडीत कुपोषणासाठी वापरतात, त्यामुळे लोकांना वाटतं आईने खायला घातलं नाही, मला तोंडावर विचारलंय नातेवाईकांनी. हा जीनमधला बदल असतो, एफजीएफआर३ नावाच्या, आणि दहातल्या साधारण आठ मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात, कुणाचा दोष नसतो. आणि त्या मुलीला विचारलंत का? तिचं नाव, तिचा फोटो, मग शब्द पण तिचाच पाहिजे.

लालबागचा_चाळकरी
आत्ताच जाऊन आलो. म्हणाली दादा, नाव लिहा, "पॅरा बॅडमिंटन, एसएच-६" लिहा, मेडल लिहा, बस. दिव्यांग नको म्हणाली, तिला आवडत नाही तो शब्द. मजकूर फायनल केला, काकांना मी समजावतो. सगळ्यांचे मनापासून आभार.

अंबरनाथ_फास्ट
मस्त! आता स्टेजचं बघा. पोडियम ठेवूच नका, त्याच्या मागे ती दिसणारच नाही, हातातला माइक द्या. स्टेजच्या पायऱ्या उंच असतात तिथे मध्ये एक पाट टाका, खुर्ची कमी उंचीची बघा. हार घालणाऱ्याला सांगून ठेवा खाली वाकायचं, आणि कोणीही कौतुकाने तिला उचलून घ्यायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही. असं खरंच होतं, माझ्यासोबत झालंय.