मदत हवी आहे : नगरपरिषदेतलं घरपट्टीचं जुनं रजिस्टर (उर्दूतलं) कसं बघायला मिळेल?

नमस्कार मंडळी, परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे आमचं, नगरपरिषद हाय. गावठाणात आजोबांचं माळवदाचं घर, पण पीआर कार्डावर (मालमत्ता पत्रकावर) नाव लागलंय आजोबांच्या चुलतभावाचं. ते कामून लागलं ते आता सांगायला कुणी जिवंत नाही. आता वडिलांना वारस नोंद करायचीय तर भूमी अभिलेखवाले म्हणतात जुना पुरावा आणा.

घरात पत्र्याच्या पेटीत घरपट्टीची एक पावती सापडली, सगळी उर्दूत. गल्लीतल्या चाचांनी वाचून दाखवली, आजोबांचं नाव बरोबर आहे, घर नंबर आहे, आणि सन लिहिलंय 1356. आता 1356 साली कुठली आली नगरपालिका! टॅक्स विभागातले साहेब म्हणले लिहिणाऱ्याची चूक हाय, 1956 असंल. मग मी माहितीच्या अधिकारात 10 रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकला की 1956 च्या घरपट्टी रजिस्टरची नक्कल द्या. अठ्ठावीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर, ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’. तोंडी म्हणले जुने बस्ते जीर्ण झालेत, उर्दू वाचणारं कुणी नाही, हात लावला की तुकडे पडतात. अहो पण 2023 ला कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तवा हेच उर्दू-मोडीचे बस्ते बाहेर काढून बसले होते की सगळे, तवा नाही पडले तुकडे?

उत्तर येऊन बारा दिवस झालेत. अपील करू का? का वकील बघू? वडील 78 वर्षांचे आहेत, त्यांच्या डोळ्यासमोर नाव लागावं एवढंच.

उत्तर :
भाऊ, चूक लिहिणाऱ्याची नाही, साहेबांची आहे. ते फसली साल आहे. निझामाच्या राज्यात सगळा कारभार फसलीत चालायचा, त्यात 590 मिळवा म्हणजे 1946-47 येतं. तुम्ही दहा वर्षं पुढचं रजिस्टर मागितलं, त्यामुळं त्या अपिलात काही दम नाही. नवीन अर्ज टाका, ‘फसली 1355 ते 1357’ असं स्पष्ट लिहा, घर नंबर लिहा आणि नक्कल मागायच्या आधी अभिलेखाची पाहणी मागा, पहिल्या तासाला फी नसते. जाताना चाचांना सोबत घेऊन जा, म्हणजे ‘वाचणारं कुणी नाही’ हे कारणच उरणार नाही. पाहणीसाठी सोमवारी दुपारी 3 ते 5 रेकॉर्ड दाखवायचं शासनाचं परिपत्रक 2018 ला निघालं होतं, ते अजून लागू आहे का तेवढं आधी बघून घ्या. ह्यावेळेस पण ‘आढळत नाही’ आलं तर 20 रुपयाचा स्टॅम्प लावून 30 दिवसांच्या आत पहिलं अपील.

एक मात्र ध्यानात ठेवा, घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हं. ताबा दाखवायला कामाला येते तेवढीच. त्यामुळं भूमी अभिलेखकडं सिटी सर्व्हेच्या वेळची चौकशी नोंदवही मागा. मोजणीच्या वेळी कुणी काय सांगितलं, कोणता कागद दाखवला, ते तिच्यात असतं. चुलतभावाचं नाव कसं लागलं ते बहुतेक तिथंच कळंल.

मूळ प्रश्नकर्ता :
आयला, 590! चाचांना आत्ताच फोन केला, ते हसायलेत, म्हणले मला वाटलं तुला माहीत असंल. पेटीत अजून दोन पावत्या आहेत, त्यांच्यावर 1359 हाय. म्हणजे 1949-50, पोलीस ॲक्शनच्या नंतरची. अर्जात तेही साल टाकतो. चौकशी नोंदवहीसाठी भूमी अभिलेखला वेगळा अर्ज करावा लागंल ना? आणि सिटी सर्व्हे नंबर लिहिला की पुरे, का जुना घर नंबरपण लिहू?

उत्तर :
वेगळाच अर्ज. दोन्ही नंबर लिहा. आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.