रोहयो ही भीक नव्हती: सुधारणा की क्रांती?

दुष्काळी_पट्टा

परवा 'वर्गभान' यांनी लिहिलं की कूळकायदा, रोजगार हमी योजना (रोहयो), वनहक्क हे सगळे "भांडवलदारांनी क्रांती टाळायला फेकलेले तुकडे" आहेत, आणि ते चघळत बसणारेच समाजवादाची वाट अडवतात. वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कुणी फेकले तुकडे? ७२ च्या दुष्काळात माझी आई सांगोल्याच्या रस्त्यावर खडी फोडत होती. मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी, एवढंच खाणं. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. आई आणि तिच्याबरोबरच्या बायका मुकादमाशी भांडल्या, तहसीलदाराला घेरून बसल्या, लेकरांना सावली मागितली. वि. स. पागे यांनी 'मागेल त्याला काम' ही कल्पना १९६५ पासून लावून धरली होती, विसापूरला प्रयोगही केला होता. ते काँग्रेसचे. क्रांती त्यांच्या मनातही नव्हती. पण १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, तेव्हा गावातल्या बाईच्या हातात पहिल्यांदा एक हक्क आला: मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्या, नाहीतर भत्ता द्या. बाईला आणि गड्याला एकच दर. पैसा आला शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. मुंबईतल्या पगारातून कापायचे आणि सांगोल्यातल्या हजेरीपत्रकावर वाटायचे, याला तुम्ही तुकडा म्हणता?

आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्यानंतर आमच्याकडचे बागायतदार ओरडायला लागले की मजूर मिळत नाहीत. मजूर होते. फक्त जुन्या भावात, शिव्या खाऊन कामाला यायला तयार नव्हते. माझ्या लेखी समाजवादाची सुरुवात तिथे झाली. सभागृहातल्या व्याख्यानात नाही.

वर्गभान

ताई, तुमच्या आईच्या कष्टांबद्दल मी एक अक्षर वावगं लिहिलेलं नाही. माझा प्रश्न मालकीचा होता, तो तुम्ही टाळलात. रोहयोत पाझर तलाव खणला मजुरांनी. त्याच्या खालच्या विहिरी कुणाच्या भरल्या? ज्यांना जमीन होती त्यांच्या. बांधबंदिस्ती कुणाच्या शिवारात झाली? पुढे ऊस कुणी लावला? भूमिहीन बाईला दिवसाची मजुरी मिळाली आणि जमीनदाराला कायमचं पाणी. सरकारनेच मजुरांकडून मालकांची संपत्ती वाढवून घेतली, आणि या योजनेचं सगळ्या पक्षांनी कौतुक केलं ते त्याचमुळे.

दुसरं म्हणजे चिली. समाजवादी राष्ट्राध्यक्ष आयेंदे १९७० मध्ये मतपेटीतूनच आले. जुलै १९७१ मध्ये तांब्याच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तेही संसदेत एकमताने. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी देश बंद पाडला, तरी मार्च १९७३ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीची मतं १९७० पेक्षा वाढलेलीच होती. म्हणजे लोक सोबत होते. मग ११ सप्टेंबरला लष्कराने राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून बॉम्ब टाकले. मतं मोजून मालकी काढून घेता येत नाही. मालकीला हात लागला की समोरचा मतमोजणी बंद करतो.

आणि घरचं उदाहरण हवं असेल तर तलासरी-उंबरगावचे वारली घ्या. पिढ्यानपिढ्या वेठबिगार आणि लग्नगडी. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर सावकाराकडे राबायचे. कोणत्या कायद्याने सोडवलं त्यांना? १९४५ मध्ये लाल बावटा, म्हणजे कम्युनिस्टांची किसान सभा गेली, गोदावरी आणि शामराव परुळेकर गेले, वारल्यांनी स्वतः लग्नगडी मोकळे केले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. ते अर्ज घेऊन उभे नव्हते.

दुष्काळी_पट्टा

वारल्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं. त्यांची मागणी काय होती? ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. वेठ बंद. जंगलकामाला ठरलेली मजुरी. यात सत्ता काबीज करायची भाषा कुठे आहे? ज्याला तुम्ही सुधारणा म्हणून हिणवता, तीच मागणी लाल बावट्याखाली लोकांनी जिवावर उदार होऊन जिंकली. मग वारल्यांचे अडीच रुपये क्रांती आणि माझ्या आईची हजेरी तुकडा, हे कसं?

चिलीचं दुःख मलाही आहे. पण केरळही आहे. १९५७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे ईएमएस नंबुद्रिपाद निवडून आले, ३१ जुलै १९५९ ला केंद्राने सरकार बरखास्त केलं. तो पक्ष जंगलात गेला नाही. १९६७ मध्ये पुन्हा मतं मागून सत्तेवर आला, आणि १ जानेवारी १९७० पासून तिथे कुळं जमिनीची मालक झाली. बरखास्तीने विषय संपला नाही, कारण खाली गावागावांत संघटना होती.

पाझर तलावाखालच्या विहिरींचं म्हणणं मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यावर तोड म्हणून पाण्यात भूमिहीनांचा वाटा मागायचा. रोहयोला शिव्या घालून काय साधणार?

गिरणगाव_तिसरी_पिढी

"कायद्यातून मिळतं" हे वाचलं आणि राहवलं नाही. आम्हा मुंबईच्या गिरणी कामगारांच्या गळ्याला फास होता तो कायद्याचाच. १९४६ चा बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) ॲक्ट. एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन. कामगारांनी तिच्याकडे पाठ फिरवली तरी बोलणी करायला तीच. १९८१ च्या दिवाळीत बोनसचा करार झाला तो असाच, आमच्या डोक्यावरून. लोक घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या दारात जाऊन बसले ते त्यानंतर. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणूस संपावर बाहेर पडला. मागण्या काय, तर पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करा, बीआयआर रद्द करा. तिन्ही सुधारणाच. एकही मिळाली नाही. संप मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही.

आजोबा साचेखात्यात (विणकामात) होते. आमची खोली विकली, आजीने खानावळ चालवली, काका शाळा सोडून गावी गेला. सुधारणेच्या वाटेने गेलेल्या कुटुंबाचं हे झालं.

बदलीवाल्याचा_मुलगा

तिसऱ्या पिढीने ऐकीव सांगू नये. मी त्या वेळी चौथीत होतो आणि संप घरात पाहिलाय. वडील बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर पाळी मिळायची. संप त्यांच्यासारख्यांसाठी आहे असं सांगितलं गेलं. पण कायम कामगाराला गावी शेत होतं. आम्हाला साताऱ्याकडे दीड गुंठाही नव्हता. अंतरिम वाढीचा प्रस्ताव आला होता, तो घेऊन आत गेले असते तर संघटना शिल्लक राहिली असती. डॉक्टरांना सगळं एकदम हवं होतं. मालकांच्या गोदामात न खपलेलं कापड पडून होतं आणि भिवंडीच्या मागांवर नवं विणून मिळत होतं. संप जितका लांबेल तितकं मालकांच्या सोयीचं होतं. हे नेत्याला दिसायला नको?

गिरणगाव_तिसरी_पिढी

प्रस्तावात बीआयआरबद्दल एक शब्द होता का? नव्हता. वाढ घेऊन आत गेले असते तर पुढच्या बोनसला परत तीच युनियन, तेच सह्या करणारे. आणि लोकांनी डॉक्टरांना दोषी मानलं असतं तर १९८४ मध्ये, काँग्रेसच्या लाटेत, त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत का पाठवलं? मेलेल्या माणसावर खापर फोडणं सोपं आहे. १६ जानेवारी १९९७ ला भर रस्त्यात गोळ्या घातल्या त्यांना.

बदलीवाल्याचा_मुलगा

मी खापर फोडत नाही. माझे वडील शेवटपर्यंत त्यांचा फोटो घरात ठेवून होते, तुम्हाला काय सांगायचंय? मत दिलं म्हणजे चूक झाली नाही असं होत नाही. प्रेमापोटी दिलं. वडिलांनी नंतर एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून वीस-बावीस वर्षं काढली आणि त्यांची युनियन कधीच झाली नाही. जे हातात होतं तेही गेलं, हे मान्य करायला एवढा त्रास का होतो?

महाड_रोड

दोघे साचेखात्याबद्दल भांडताय म्हणून विचारतो, तिथे कोण होतं? सूत तोंडाने ओढावं लागे, विटाळ होईल म्हणून आमच्या लोकांना त्या खात्यात घेत नव्हते. पगार तिथे जास्त, आणि आम्ही रिंगखात्यात, सूतकताईत. १९२८ च्या संपात ही अट काढा असं बाबासाहेबांना म्हणावं लागलं. लाल बावट्याच्या युनियनने ती मागणी घेतली ती नाखुशीने. माझे पणजोबा त्या काळात गिरणीत होते. आमच्या घरी संपाच्या आठवणी तुमच्यासारख्या गौरवाच्या नाहीत.

ताई, केरळचंही पूर्ण सांगा. कुळांना शेतं मिळाली. शेतात राबणाऱ्या दलिताला झोपडीखालची जागा, पंचायत भागात १० सेंट, म्हणजे चार गुंठे. मळे तर कमाल धारणेतून वगळलेलेच.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेपुढे मांडण्यासाठी निवेदन लिहिलं, त्यात शेती, विमा आणि मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे करा, आणि हे संविधानातच लिहा, असं होतं. आज एका बहुमताने दिलं आणि उद्या दुसऱ्याने काढून घेतलं, असं होऊ नये म्हणून. वर्गभान यांची 'परत घेतील' ही भीती त्यांनाही होती. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी रक्तरंजित मार्ग सोडा, असं स्पष्ट सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि इथल्या दोन्ही बाजूंनी त्या वाचलेल्या दिसत नाहीत.

वर्गभान

वाचलेल्या आहेत. ते निवेदन संविधानात आलं नाही. का आलं नाही? ज्यांच्या मालकीच्या गोष्टी होत्या त्यांचं तिथे वजन होतं म्हणून. हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. जातीचा मुद्दा मान्य, आमच्या पक्षांनी तो उशिरा घेतला आणि अर्धवट घेतला. त्यावर वाद घालणार नाही.

गिरण्यांबद्दलही एक. १९८३ मध्ये सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: मोकळी जागा, घरं, मालक. २००१ मध्ये नियमात बदल केला आणि पहिले दोन वाटे आटले. २००५ मध्ये सरकारी गिरण्यांच्याही जमिनी विकल्या. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. दिलेलं परत घेतलं जातं ते असं, पूर्ण कायदेशीर.

बदलीवाल्याचा_मुलगा

हे मात्र खरं आहे. मालकी सरकारची होती आणि तरी टॉवर उभे राहिले. मला एवढंच म्हणायचंय की नियम बदलला तेव्हा रस्त्यावर उतरायला अडीच लाख माणसं उरली नव्हती. ती ८२ मध्ये घालवली.

वैनगंगा_काठ

तुमच्या क्रांतीची प्रयोगशाळा आमचा गडचिरोली जिल्हा होता, म्हणून चार ओळी. ८० च्या दशकात नक्षलवाद्यांची दलमं (सशस्त्र तुकड्या) आली आणि तेंदूपानाच्या पुड्याचा भाव वाढला. कंत्राटदार घाबरले म्हणून वाढला. आमच्याकडे हे कुणीही सांगेल. पुढे त्याच दलमांनी खबऱ्या ठरवून माणसं मारायला सुरुवात केली. माझ्या मामाच्या गावचा पोलीस पाटील रात्री उचलून नेला, सकाळी रस्त्यावर टाकला. गोंड माणूस, दोन एकर धान. त्याच्याकडे कुठली मालकी होती? आणि पोलिसांच्या बाजूनेही गावांनी कमी सोसलेलं नाही, तेही लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवादी नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्याला हारलेला म्हणा नाहीतर शहाणा झालेला, मामाच्या गावाला फरक पडत नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्याखाली. त्याच्या कितीतरी आधीपासून ते लोक सगळ्यांच्या सहमतीने गावचा कारभार करत होते. बांबू आता ग्रामसभा विकते, पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो. वर्गभान, मालकी विचारत होता ना? ही मालकीच आहे. बंदूक न उचलता आलेली. पण ताई, तुम्हीही फार आनंदू नका. सुरजागडच्या खाणीला तिथल्या ग्रामसभा विरोध करत राहिल्या आणि लोहखनिजाचे ट्रक चालू आहेत.

वर्गभान

लेखा-मेंढा एक गाव आहे.

वैनगंगा_काठ

एक होतं. आता जिल्ह्यात शेकडो ग्रामसभांकडे हक्क आहेत. येऊन बघा, पुस्तकातून नको.

वर्गभान

ठीक आहे, हे मी मोजत नव्हतो. सामूहिक वनहक्काला 'तुकडा' म्हणणार नाही, तो शब्द मागे. बाकीचं मागे घेत नाही. सुरजागडच्या ट्रकसमोर तुमच्या ग्रामसभा काय करणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. चिलीचंही नाही.

दुष्काळी_पट्टा

चिलीचं उत्तर माझ्याकडे नाही. सैन्य मालकांच्या बाजूने उतरलं तर काय, हा प्रश्न खरा आहे. पण तो क्रांती करणाऱ्यांनाही सुटलेला नाही. कम्युनिस्टांचा तेलंगणातला सशस्त्र लढा १९५१ मध्ये मागे घ्यावाच लागला.

माझं भांडण एका गोष्टीशी आहे. हक्क काढून घ्यायला कुणी आलं तर समोर उभं कोण राहणार? ज्यांना तो हक्क वापरायची सवय आहे तेच. आमच्या तालुक्यात आजही बायका कामाचा मागणी अर्ज घेऊन जातात तेव्हा ग्रामसेवक तारखेची पोच द्यायला टाळतो, कारण पोच दिली की १५ दिवस मोजायला लागतात. पोच मिळेपर्यंत त्या उठत नाहीत. त्यातल्या कुणालाही क्रांतीची व्याख्या विचारू नका, पण ऑफिस बंद होईपर्यंत बसायची ताकद त्यांच्यात कुठून आली ते विचारा. वर्गभान, पुढच्या वेळी आम्ही बसू तेव्हा तुम्ही या. बोलायला नाही, अर्ज लिहायला. अर्ध्या जणींना लिहिता येत नाही.

गिरणगाव_तिसरी_पिढी

सगळं वाचलं. बीआयआर ॲक्टबद्दल मात्र कुणीही उत्तर दिलं नाही. प्रस्ताव स्वीकारला असता तर ती युनियन हटली असती का? हो की नाही, एवढंच सांगा.

बदलीवाल्याचा_मुलगा

नसती हटली. पण वडील कामावर असते.