वाढवण बंदराच्या भरवशावर मुलांना क्रेनच्या प्रशिक्षणाला पाठवावे का?

मूळ मत : निवृत्त क्रेनचालक, दारव्हा तालुका

गेल्या दिवाळीपासून आमच्या भागात क्रेन-प्रशिक्षणाचे दलाल गावोगावी फिरत आहेत. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, सुमारे ७६ हजार २०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात नऊ कंटेनर टर्मिनल उभी राहणार आहेत आणि तेथे क्रेनचालक कमी पडतील, असे सांगून ते दीड महिन्याच्या शिक्षणासाठी लाखभर रुपये मागतात. माझ्या शेजारच्या कुटुंबाने यंदाच्या कापसाचा सगळा पैसा त्यात घातला. मी पश्चिम किनाऱ्यावरील एका मोठ्या बंदरात बावीस वर्षे काम करून गावी परतलो आहे आणि माझे स्पष्ट मत असे आहे की, या पैशाने मुलगा बंदराच्या क्रेनवर बसत नाही.

हे वर्ग बहुधा हायड्रा, म्हणजे चाकांवर फिरणारी छोटी क्रेन, शिकवतात. हायड्रा बांधकामावर आणि कारखान्यात उपयोगी पडते, ते काम कमी प्रतीचे नाही. पण धक्क्यावरची क्रेन हे वेगळेच यंत्र आहे. ती रुळांवर उभी असते, तिचा बूम, म्हणजे आडवा लांब हात, जहाजाच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचतो आणि चालकाची केबिन, जमिनीपासून चाळीसेक मीटर उंच, बूमवर धावणाऱ्या ट्रॉलीबरोबर समुद्रावर जाते आणि परत येते. पायांखाली काच असते. त्या काचेतून मान खाली घालून स्प्रेडर, म्हणजे दोरांना टांगलेली उचलण्याची चौकट, डब्याच्या, म्हणजे कंटेनरच्या, चार कोपऱ्यांवर बसवायचा, ट्विस्टलॉक, म्हणजे कोपऱ्यांत फिरून अडकणाऱ्या खिट्ट्या, फिरले याचा दिवा पाहायचा आणि तीस टनांपर्यंतचा भरलेला डबा उचलायचा. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. विहिरीतून बादली ओढताना दोर जितका लांब, तितका बादलीचा झोका रेंगाळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. येथे बादलीच्या जागी ट्रकएवढा डबा असतो. ट्रॉली थांबली म्हणून डबा थांबत नाही. तो पुढे झुलत जातो, तेव्हा चालकाने ट्रॉली त्याच्या डोक्यावर नेऊन झोका पकडायचा असतो, आणि हे भान पुस्तकातून किंवा मोकळ्या मैदानावरील सरावातून येत नाही. मला ते यायला वर्ष लागले. त्याआधी मी तीन वर्षे जहाजावर लॅशिंग केले, म्हणजे डबे बांधणाऱ्या लोखंडी सळया कसल्या आणि सोडल्या, मग यार्डातील, म्हणजे डबे रचून ठेवण्याच्या आवारातील, रबरी चाकांच्या क्रेनवर, ज्याला सर्वजण आरटीजी म्हणतात, जुन्या चालकाच्या शेजारी बसून शिकलो आणि सातव्या वर्षी धक्क्यावर गेलो. मुलांनी या धंद्यात जरूर यावे, पण या वाटेने यावे.

प्रतिसाद : एक पालक, दिग्रस

भाऊ, आपल्या अनुभवापुढे मी लहान आहे, तरीही आपले म्हणणे मला पटत नाही. आपण चढलात ती शिडी आज उभी आहे का? माझा भाचा चार वर्षांपासून एका बंदरात ठेकेदाराकडे लॅशिंग करतो. ठेकेदार बदलला की त्याची सेवा पहिल्या दिवसापासून मोजली जाते आणि केबिनमध्ये बसण्याचे नाव काढले तर त्याच्याकडे प्रमाणपत्र मागितले जाते. जो अनुभव आपल्याला शाळा वाटतो, तो त्याच्यासाठी केवळ हमाली ठरला आहे. ज्या बापाकडे चार एकर कोरडवाहू आहे आणि कापसाचा भाव ज्याच्या हातात नाही, त्याने मुलासाठी निदान दार ठोठावण्यापुरता कागद मिळवला, तर त्याला आपण अडाणी कसे ठरवणार?

मूळ लेखक

अडाणी मी कोणालाच म्हटले नाही आणि ठेकेदारीबद्दल आपण लिहिलेले अक्षर न् अक्षर खरे आहे. लॅशिंग करणाऱ्याला केबिनची वाट खुली ठेवणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे आणि त्यासाठी भांडले पाहिजे. परंतु कागद घेऊन थेट केबिनमध्ये बसलेला मुलगा काय करू शकतो, हे मी पाहिले आहे. यार्डात ट्रेलरवरून डबा उचलताना ट्रेलरचे चारही ट्विस्टलॉक सुटले आहेत ना, हे खालच्या माणसाने पाहायचे असते आणि चालकाने पहिला अर्धा फूट अतिशय सावकाश उचलून खात्री करायची असते. एका नव्या चालकाने घाईत सरळ उचल दिली. एका कोपऱ्याचे लॉक अडकले होते, त्यामुळे डब्याबरोबर ट्रेलरची मागची चाके वर गेली आणि ट्रकचालक केबिनमध्येच होता. तो वाचला, कारण सिग्नलमन ओरडला. त्या सावकाश अर्ध्या फुटाचे महत्त्व ज्याने खाली उभे राहून कधी लॉक सोडले आहेत त्यालाच कळते, म्हणून मी लॅशिंगला हमाली म्हणायला तयार नाही.

जडवजन उचलणारी यंत्रे वर्षाला किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावी लागतात. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९८६ साली कायदा आणि १९९० साली त्याचे विनियम आले, ते असे अपघात टाळण्यासाठीच. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यात नवी क्रेन चाचणीच्या वेळीच कोसळली आणि अकरा माणसे गेली.

प्रतिसाद : शिक्षिका, हिंगणघाट

आपण दोघेही चाळीस मीटर उंचीवरच्या केबिनबद्दल बोलत आहात, पण ती केबिनच रिकामी होत चालली आहे. केरळमधील विझिंजम बंदराचे २ मे २०२५ रोजी लोकार्पण झाले. तेथील यार्डातील क्रेन नियंत्रण-कक्षात पडद्यांसमोर बसून चालवल्या जातात आणि ते काम करणाऱ्यांत किनाऱ्यावरील मासेमार कुटुंबांतील मुलीही आहेत. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण आजवर बंदर म्हटले की घरचे लोक मुलीचा विषयच काढत नसत. नवी बंदरे याच पद्धतीने बांधली जातील, असे मला वाटते. मग मुलांनी तीन वर्षे सळया कसत का राहावे? विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घ्यावी, कॅमेरे, सेन्सर आणि मोटारींचे नियंत्रण शिकावे. म्हणजे बंदरात जागा मिळाली नाही तरी बुटीबोरीच्या कारखान्यात ते शिक्षण उपयोगी पडेल. दीड महिन्याच्या वर्गाला माझाही विरोध आहे, पण आपल्या वाटेलाही आहे.

प्रतिसाद : जिनिंगमधील वजनकाटा कारकून, पांढरकवडा

ताईंच्या मताशी मी अर्धा सहमत आहे. पडद्यासमोर बसणाऱ्यालाही डब्यात काय आहे आणि तो कसा भरला आहे, याची समज लागतेच. आमच्याकडून रुईच्या गाठी कंटेनरमध्ये भरून जातात; एक गाठ साधारण १७० किलोची. डबा एका बाजूला जड भरला, तर उचलताच तो कलतो, हे मला काट्यावर बसून कधी कळले नसते. एका क्रेनचालकाने सांगितले तेव्हा कळले. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या डब्याचे पडताळलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, आणि खोट्या वजनाचा फटका सर्वांत आधी क्रेनवाल्यालाच बसतो. मला सुचवायचे आहे ते एवढेच की, समुद्र गाठण्याची घाई कशाला? नागपूरच्या कंटेनर डेपोंत रीच स्टॅकर, म्हणजे लांब हाताने डबे उचलून रचणारी चाकांची यंत्रे, चालतात. डबा, स्प्रेडर, ट्विस्टलॉक हे सर्व तेथेही आहे. आधी तेथे दोन वर्षे काढावीत.

मूळ लेखक

रीच स्टॅकरची सूचना माझ्या लक्षात आली नव्हती आणि ती माझ्या सांगण्यापेक्षा चांगली आहे, हे मान्य करतो. घरापासून दीड-दोनशे किलोमीटरवर शिकता येत असेल, तर तसेच करावे.

ताई, मुलींबद्दल आपण लिहिलेले वाचून मला मनापासून आनंद झाला. माझ्या बावीस वर्षांत एकही मुलगी केबिनमध्ये नव्हती. पण केबिन रिकामी होत आहे, या विधानाला माझा विरोध कायम आहे. यार्डात डबा जमिनीवर उभा असतो, म्हणून तेथे यंत्राला दूरवरून चालवणे सोपे जाते. जहाज मात्र पाण्यावर असते. भरती-ओहोटीने ते वर-खाली होते, डबे उतरतील तसे कलते, आणि पावसाळी वाऱ्यात कधी थांबायचे हे वाऱ्याचे मापक सांगते खरे, पण त्याआधीच दोराच्या ताणावरून अनुभवी माणसाला ते जाणवते. आपल्या देशात जुन्या धक्क्यांवरील शेकडो क्रेन अजून माणसेच चालवत आहेत आणि त्या एका वर्षात बदलणार नाहीत.

आणखी एक गोष्ट मनात सलते. वाढवणला तेथील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्यांची मासेमारी त्या पाण्यावर आहे. तेथे नोकऱ्या निघतील, तेव्हा पहिला हक्क त्यांच्या मुलांचा असला पाहिजे. आमच्या दलालांच्या बोलण्यात या माणसांचा उल्लेखही नसतो.

प्रतिसाद : पालक, दिग्रस

भाऊ, ठेकेदारीच्या प्रश्नावर आपण भांडले पाहिजे म्हणालात, पण ते कोणी आणि कोठे, हे आपण सांगितले नाही. माझा भाचा एकटा ते करू शकणार नाही. त्या मुद्द्यावर मी माझ्या मतावर ठाम आहे. प्रशिक्षणाचा पहिला हप्ता मात्र सोमवारी भरायचा होता, तो मी थांबवला आहे. वर्ग चालवणाऱ्याला मी आज विचारले की, तुमच्याकडे स्प्रेडर लावलेली क्रेन किंवा सिम्युलेटर आहे का आणि मागच्या तुकडीतील कोणता मुलगा कोणत्या बंदरात कोणत्या यंत्रावर आहे. त्याने उद्या सांगतो म्हटले आहे. उत्तर आले की येथे लिहीन, आणि नागपूरच्या डेपोत कोणाला भेटायचे हे पांढरकवड्याच्या भाऊंनी कळवावे, ही विनंती.