परसातलं झाड तोडलं, लाकडाचं काय करू? लवकर सांगा

चाकरमानी८४:
गावच्या घरामागचं झाड पाडलं. ओंडके तसेच पडलेत, टोकांना भेगा जायला लागल्यात. सुतार म्हणतो चुलीत घाला. मला देवघर करायचंय, उरलं तर ओटीवर बाक. रविवारी रात्री मुंबईला निघायचंय, त्याआधी उत्तर हवं.

खडपेकाका:
कुठलं झाड?

शेवगा:
आणि गाव कुठलं? पाडून किती दिवस झाले?

चाकरमानी८४:
फणस, अजून काय असणार. राजापूर. पंधरा दिवस झाले. बुंधा कवेत मावत नाही.

मीनल_दापोली:
परवानगी घेतली होती का? १९६४च्या झाडतोड कायद्याच्या यादीत फणस आहे.

चाकरमानी८४:
घेतली हो ताई. मी लाकडाचं विचारतोय.

खडपेकाका:
आधी सुतार बदला. आमच्या दाराच्या चौकटी फणसाच्या आहेत, आजोबांच्या वेळच्या. नवीन लाकूड हळदीसारखं पिवळं दिसतं, मग तांबूस होत जातं. आजच टोकांना जाड ऑइलपेंट फासा, कारण पाणी टोकांतून सगळ्यात लवकर सुटतं आणि भेगा तिथेच पडतात. मग गिरणीवर दीड इंची फळ्या काढा. बरोबर मधला गाभा हमखास फुटतो, तो सोडून द्या. फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा, मध्ये दीड-दोन फुटांवर एकसारख्या पट्ट्या देऊन रचा. इंचाला एक वर्ष धरा.

शेवगा:
काका, दीड वर्ष देव काय पाटावर बसवायचे? भट्टीत वाळवून घ्या, काही आठवड्यांत काम होतं.

खडपेकाका:
तीन ओंडक्यांसाठी भट्टी कोण पेटवतो? एक फळी दर महिन्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की वाळली.

घाटावरचा:
अमावस्येला तोडलं होतं का? मग कीड लागत नाही.

मीनल_दापोली:
कीड पांढऱ्या भागाला लागते, तिथी कुठलीही असो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात आमचे दोन आंबे नि एक फणस आडवे झाले. आंब्याच्या फळ्यांतून वर्षभरात भुसा गळायला लागला. फणसाचा पिवळा भाग जसाच्या तसा आहे. कडेचा पांढरा काढूनच टाका.

सूरपेटी:
तंजावरची वीणा फणसाच्याच लाकडाची असते. देवघर काय कुणीही करेल, बुंधा एखाद्या वाद्यकारागिराला द्या.

चाकरमानी८४:
वीणा नको आहे. गिरणवाला ओंडके घ्यायलाच तयार नाही, त्याचं काय करू?

शेवगा:
हे आत्ता सांगताय? का नाही म्हणतो?

चाकरमानी८४:
आईची कपड्यांची तार त्याच झाडाला होती. खिळे आहेत आत. पात्याचे दात जातात म्हणे.

खडपेकाका:
मग बरोबर आहे त्याचं. तार किती उंचीवर होती?

चाकरमानी८४:
आईच्या हाताला येईल एवढी. साडेपाच फूट. पण दर काही वर्षांनी नवीन खिळा मारायची.

खडपेकाका:
जुने खिळे सालीखाली गेले असतील. साल काढा, लोहचुंबक फिरवा. लोखंडाजवळ लाकूड काळं पडतं, तो डाग शोधा. पाच ते सहा फुटांमधला तुकडा चुलीला, बाकीचा गिरणीवर.

मीनल_दापोली:
आणि आईंना विचारा, झोपाळ्याचा हूक पण होता का ते.

चाकरमानी८४:
होता.